अस्वलाचे पित्त आणि अर्धसत्याची मात्रा

वाचकहो, यकृताच्या किंवा पित्तमार्गाच्या विकारासाठी आपल्या घरातील कोणी गोळ्या घेत असेल, तर त्या गोळ्यांच्या वेष्टनावरील औषधाचे मूळ नाव एकदा वाचून पाहा. अनेकदा तेथे ‘अर्सोडीऑक्सीकोलिक अ‍ॅसिड’ असे नाव आढळेल. या लांबलचक नावातील ‘अर्सो’ हा भाग अस्वलासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. ती गोळी अस्वलापासून बनवलेली नसते, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परंतु हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो अस्वलाच्या पित्तात, आणि ही स्मृती त्याच्या नावात कायमची राहिली.

याच पित्तासाठी आशियातील काही देशांत हजारो अस्वलांना वर्षानुवर्षे पिंजऱ्यात डांबून ठेवले गेले. या ‘पित्तशेती’विरुद्ध गेली तीन दशके चिवट मोहीम चालू आहे. तिच्याविषयीच्या बातम्या अधूनमधून आपल्यापर्यंतही पोहोचतात. कधी त्या ‘अस्वलाच्या पित्ताने कोरोना बरा होतो’ अशा असतात, तर कधी अंगावर काटा आणणाऱ्या कथा असतात. दोन्ही प्रकारांत बहुधा एक साधी गोष्ट सांगायची राहून जाते: ज्या औषधी घटकासाठी हे सारे चालते, तो अस्वलाविना तयार करण्याची विद्या ही शेती सुरू होण्याच्या आधीपासूनच माणसाला अवगत आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की या विषयावरील बातम्यांतील खरे-खोटे निवडणे पुष्कळ सोपे होते.

पित्तरसाची ओळख

आपल्या बोलण्यात ‘पित्त झाले’ याचा अर्थ बहुधा आम्लपित्त असा असतो, तर आयुर्वेदातील पित्तदोष ही त्याहून व्यापक कल्पना आहे. येथे ज्याचा विचार करायचा तो पित्तरस आहे. हा पिवळसर-हिरवा स्राव यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि जेवणातील स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी आतड्यात उतरतो. त्यात निरनिराळी पित्ताम्ले असतात. त्यांपैकी अर्सोडीऑक्सीकोलिक अ‍ॅसिड हे मनुष्याच्या पित्तरसात अगदी अल्प, तर अस्वलाच्या पित्तरसात बरेच अधिक असते.

चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात, इ. स. ६५९ मध्ये सिद्ध झालेल्या औषधिग्रंथात अस्वलाच्या पित्ताचा उल्लेख आहे. ज्वर, यकृताचे विकार, नेत्ररोग, सूज अशा व्याधींवर ते दिले जाई. या परंपरेला सरसकट अंधश्रद्धा म्हणणे योग्य नव्हे. आपल्याकडेही गोरोचन आणि कस्तुरी ही प्राणिज द्रव्ये वैद्यांच्या बटव्यात होतीच. शिवाय या जुन्या निरीक्षणात काही तथ्य होते, हे पुढे रसायनशास्त्राने दाखवून दिले.

१९०२ मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ ओलोफ हामरस्टेन यांना ध्रुवीय अस्वलाच्या पित्तात एक अपरिचित पित्ताम्ल आढळले. १९२७ मध्ये जपानचे शोदा यांनी ते अस्वलाच्या पित्तातून शुद्ध रूपात वेगळे केले आणि त्याला अस्वलाच्या नावावरून नाव दिले. १९५०च्या दशकात जपानमध्येच ते प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत सिद्ध झाली आणि १९५७च्या सुमारास त्याचे औषध म्हणून उत्पादनही सुरू झाले. त्यानंतर या औषधाच्या रीतसर चाचण्या झाल्या. प्रायमरी बिलियरी कोलान्जायटिस या यकृतातील सूक्ष्म पित्तनलिकांच्या दीर्घ विकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये त्यास मान्यता दिली. कोलेस्टेरॉलचे लहान पित्तखडे विरघळविण्यासाठीही निवडक रुग्णांत ते वापरतात. तथापि त्यास अनेक महिने लागतात, कॅल्शियमयुक्त खड्यांवर त्याचा उपयोग होत नाही आणि औषध थांबविल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे औषध आहे.

आता कालक्रम पाहा. पिंजऱ्यातील अस्वलांकडून पित्त काढण्याचा धंदा १९८०च्या दशकाच्या आरंभी उत्तर कोरियात सुरू झाला आणि तेथून चीन, दक्षिण कोरिया व व्हिएतनाम येथे पसरला. म्हणजे अस्वलाविना औषध मिळू लागल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी अस्वलांसाठी पिंजरे उभे राहिले. औषधाचा तुटवडा हे त्याचे कारण मुळीच नव्हते. ‘निसर्गातून आलेले ते अधिक गुणकारी’ ही समजूत आणि तिच्यावर उभी असलेली बाजारपेठ, हेच खरे कारण होते.

पिंजऱ्याच्या आत

या शेतीत मुख्यतः आशियाई काळी अस्वले असतात. छातीवरील चंद्रकोरीसारख्या फिकट पट्ट्यामुळे इंग्रजीत त्यांना ‘मून बेअर’ म्हणतात. हीच जात आपल्याकडे काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत हिमालयात आढळते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद असुरक्षित प्रजातींत केली आहे.

पित्त काढण्याच्या पद्धती देशपरत्वे आणि काळपरत्वे निरनिराळ्या आहेत. आरंभी पित्ताशयात धातूची किंवा रबराची नळी कायमची बसवीत. पुढे चीनमध्ये नळीवर निर्बंध येऊन ‘मुक्तस्राव’ पद्धत आली. तीत पोटाच्या त्वचेपासून पित्ताशयापर्यंत शस्त्रक्रियेने एक मार्ग तयार करून तो उघडा ठेवतात, म्हणजे पित्त बाहेर पाझरते. व्हिएतनाममध्ये अस्वलाला गुंगी देऊन, सोनोग्राफीच्या साहाय्याने पित्ताशय शोधून सुईने पित्त ओढून घेत. पद्धत कोणतीही असो, शरीरातील एका नाजूक अवयवावर पुनःपुन्हा घाला पडतो. जी जखम बरी होऊ द्यायचीच नसते, तिच्यात जंतुसंसर्ग होणे अटळ असते. पित्त पोटाच्या पोकळीत झिरपले तर जीवघेणा दाह होतो.

सोडवून आणलेल्या अस्वलांच्या तपासण्यांत पशुवैद्यांना पित्ताशयाची जुनाट सूज, पित्तखडे, पोटातील गळवे आणि यकृताचा कर्करोगही आढळला आहे. गज चावून अनेकांचे दात तुटलेले असतात. अरुंद पिंजऱ्यात आयुष्य काढल्याने कित्येकांना धड चालताही येत नाही. दुसऱ्याचे यकृत बरे करण्यासाठी एका प्राण्याचे यकृत रोगग्रस्त करावे, असा हा उलटा न्याय आहे.

यात ग्राहकाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. संसर्ग झालेल्या जखमेतून येणाऱ्या पित्तात पू, रक्त, पेशींचे अवशेष आणि जंतू मिसळलेले असू शकतात. त्यात औषधी घटक नेमका किती, हे प्रत्येक अस्वलागणिक बदलते. याउलट औषधाच्या दुकानातील गोळीत ठरलेली मात्रा आणि शुद्धता असते. म्हणजे प्राण्याविषयीची करुणा क्षणभर बाजूला ठेवली, तरी केवळ रुग्णाच्या हिताच्या दृष्टीनेही पिंजऱ्यातील पित्त हा निकृष्ट पर्यायच ठरतो.

मोहिमेची वाटचाल

१९९३ मध्ये जिल रॉबिन्सन या ब्रिटिश कार्यकर्तीने दक्षिण चीनमधील अशा एका शेतीला भेट दिली. पर्यटकांच्या गटातून बाजूला होऊन त्या तळघरात उतरल्या आणि पिंजऱ्यांच्या रांगा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. १९९८ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅनिमल्स एशिया’ ही संस्था स्थापन केली. २००० मध्ये चिनी यंत्रणांशी ५०० अस्वले सोडविण्याचा करार झाला आणि सिचुआन प्रांतात चेंगदूजवळ निवारा केंद्र उभे राहिले. पुढे व्हिएतनाममध्ये ताम दाओ राष्ट्रीय उद्यानातही असेच केंद्र निघाले.

व्हिएतनामने अस्वलांचे पित्त काढण्यास मनाई करून २००५ च्या सुमारास पिंजऱ्यांतील अस्वलांची नोंदणी केली, तेव्हा त्यांची संख्या सुमारे ४,३०० होती. मालकांना अस्वले बाळगण्याची मुभा राहिल्याने चोरून पित्त काढणे चालूच राहिले. तरी ग्राहक घटत गेले. तेथील पारंपरिक वैद्यांच्या संघटनेने अस्वलाचे पित्त न देण्याची भूमिका घेतली आणि वनस्पतिज पर्यायांचा प्रचार झाला. २०१७ मध्ये सरकारने ही शेती संपविण्याचा करार केला. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे २०२२ पर्यंत, ते साधले नाही. तरी हजारोंची संख्या काही शेकड्यांवर आली. दक्षिण कोरियाने कायद्यात बदल करून २०२६ च्या आरंभापासून ही शेती बंद करण्याचे ठरविले. चीनमध्ये मात्र परवानाधारक पित्तशेती आजही कायदेशीर आहे आणि तेथील अस्वलांची संख्या दहा हजारांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत.

‘नळ सोडण्याइतके सोपे’

दिशाभूल कशी होते, याचे ठळक उदाहरण २०१२ साली चीनमध्ये घडले. फूज्येन प्रांतातील ‘ग्वेईजेनथांग’ ही पित्ताची औषधे बनविणारी कंपनी भांडवल बाजारात उतरू पाहत होती. जमलेल्या पैशातून आपल्याकडील चारशेहून अधिक अस्वलांची संख्या बाराशेपर्यंत नेण्याचा तिचा बेत होता. त्यास कलावंत, लेखक आणि नामवंतांनी जाहीर विरोध केला. विख्यात बास्केटबॉलपटू याओ मिंग यांनी चेंगदूच्या निवारा केंद्राला भेट दिली.

त्या वेळी चीनमधील पारंपरिक औषधांच्या संघटनेचे प्रमुख फांग शूथिंग यांनी विधान केले, की पित्त काढणे हे नळ सोडण्याइतके सोपे, नैसर्गिक आणि वेदनारहित असते, आणि ते झाल्यावर अस्वले आनंदाने बाहेर खेळायला जातात. हे वाक्य देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. पाठोपाठ कंपनीने आपली शेती पत्रकारांना खुली केली.

अशा आयोजित भेटीत काय दिसू शकते, याचा आपण शांतपणे विचार करू. समोर खाद्य ठेवलेले अस्वल खाण्यात गुंतलेले दिसते, स्वच्छ फरशी दिसते, एप्रन घातलेले कर्मचारी दिसतात. पित्ताशयाची सूज मात्र खिडकीतून दिसत नाही. यकृतातील गाठ छायाचित्रात येत नाही. ते अस्वल उरलेले तेवीस तास कुठे आणि कसे असते, हेही कळत नाही. दाखविलेले सारे खरे असूनही त्यातून निघालेला निष्कर्ष खोटा असू शकतो. वेदना आहे की नाही, हे ठरविण्यासाठी पशुवैद्याची तपासणी आणि मृत्यूनंतरचे शवविच्छेदन लागते. सहलीचे वार्तांकन त्यास पुरत नाही. चिनी वाचकांनी हे ओळखले, समाजमाध्यमांवर त्या ‘नळा’ची यथेच्छ खिल्ली उडाली आणि २०१३ मध्ये कंपनीने आपला अर्ज मागे घेतला. चिनी जनतेला प्राण्यांविषयी दयामाया नसते, असे सरसकट बोलणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात ठेवावा.

अतिरंजित करुणा

दिशाभूल केवळ धंदेवाल्यांच्या बाजूनेच होते असे नाही. २०११ मध्ये एक बातमी जगभर पसरली. चीनमधील एका शेतीत पिल्लाचा आक्रोश ऐकून अस्वलीण पिंजरा तोडून बाहेर आली, यातनांतून सोडविण्यासाठी तिने पिल्लाचा गळा आवळला आणि मग भिंतीवर डोके आपटून स्वतःचा प्राण दिला, अशी ती कथा होती. आजही ती अधूनमधून भ्रमणध्वनीवर फिरताना दिसते आणि वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात.

परंतु ती पुन्हा एकदा नीट वाचा. सारी कथा एका अनामिक साक्षीदाराच्या सांगण्यावर उभी आहे. तिला दुजोरा देणारा पशुवैद्य नाही, छायाचित्र नाही. शिवाय त्या मादीने पिल्लाला ‘मुक्त’ करण्याच्या हेतूने मारले आणि नंतर आत्महत्या केली, हा मानवी मनाचा अर्थ आहे. प्राण्याच्या वर्तनावरून असा हेतू सिद्ध करता येत नाही. भयाने आणि वेदनेने बेभान झालेला प्राणी धडका घेऊ शकतो, आणि हे सत्य स्वतःच पुरेसे दुःखद आहे.

‘उद्देश चांगला असेल तर थोडी अतिशयोक्ती चालते’ असे कुणी म्हणेल. ते चालत नाही. एक न तपासलेली कथा खोटी ठरली, की धंदेवाल्यांना ‘मोहिमेचे सारेच खोटे’ असे म्हणण्याची संधी मिळते आणि पशुवैद्यांनी वर्षानुवर्षे जमविलेले पुरावेही संशयाच्या छायेत जातात. दुसरे असे, की अद्भुत शोककथा वाचून मन द्रवते. पण विकत घेणारा कोण, पर्याय कोणता, कायद्यातील पळवाट कोणती, हे प्रश्न मनात येतच नाहीत. अश्रू ओसरले की विषय संपतो.

मोहिमेच्या भाषेतील एक अर्धसत्यही येथे नोंदविले पाहिजे. अर्सोडीऑक्सीकोलिक अ‍ॅसिडचा उल्लेख पुष्कळदा ‘कृत्रिम पर्याय’ असा केला जातो. त्यावरून त्यात प्राण्यांचा काहीच संबंध नसावा, असा समज होतो. प्रत्यक्षात जगात ते बहुतांशी कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या गुरांच्या पित्तापासून रासायनिक प्रक्रियेने बनविले जाते. त्यासाठी जिवंत प्राण्याला पिंजऱ्यात ठेवून जखम उघडी ठेवावी लागत नाही, हा फरक मोठाच आहे. पण आहाराविषयी काटेकोर असणाऱ्या कुटुंबांना ही माहिती असणे हा त्यांचा हक्क आहे. अशा रुग्णांनी परस्पर औषध थांबवू नये. आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

कोरोनाकाळातील मथळे

मार्च २०२० मध्ये चीनच्या आरोग्य आयोगाने कोविड-१९च्या उपचारांविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात गंभीर रुग्णांसाठी ‘थान रे छिंग’ या इंजेक्शनचा समावेश होता. त्यात काही वनस्पतींच्या अर्कांबरोबर बकऱ्याचे शिंग आणि अस्वलाच्या पित्ताची पूडही असते. त्याच्या थोडेच दिवस आधी त्या देशाने वन्यप्राण्यांच्या मांसाच्या व्यापारावर बंदी घातली होती. एका हाताने वन्यप्राण्यांचा व्यापार रोखायचा आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या पित्ताची भलावण करायची, ही विसंगती मोहिमेने जगापुढे मांडली ते योग्यच झाले. मात्र बातम्यांच्या मथळ्यांत याचे ‘अस्वलाचे पित्त हा कोरोनावरील उपाय’ असे रूपांतर झाले. अनेक उपचारांच्या यादीतील एक इंजेक्शन आणि सिद्ध झालेला उपाय यांतील अंतर मथळ्याने पुसून टाकले.

डिसेंबर २०२२ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांचे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात आले. विषाणू ज्या ‘दारा’तून पेशीत शिरतो, ते दार अर्सोडीऑक्सीकोलिक अ‍ॅसिडमुळे काही अंशी बंद होते, असे त्यात दिसले होते. हे काम शुद्ध औषधावरील होते. अस्वलाच्या पित्तपुडीशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय ते प्राथमिक स्वरूपाचे होते. प्रयोगशाळेतील ऊती, हॅम्स्टर आणि मोजके स्वयंसेवक यांवरील निरीक्षणांतून कोणताही उपचार सिद्ध होत नाही. ‘घटक उपयुक्त असू शकतो’ यावरून ‘म्हणून अस्वलाचे पित्त उपयुक्त’ अशी उडी मारणे म्हणजे विलो वृक्षाच्या सालीतून अ‍ॅस्पिरिनचा शोध लागला म्हणून डोके दुखताच साल चघळत बसण्यासारखे आहे.

वाचताना विचारावयाचे प्रश्न

अशी कोणतीही बातमी, मग ती अस्वलाच्या पित्ताची असो वा अन्य कोणत्या ‘रामबाण’ द्रव्याची, समोर आली की पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. बातमी नेमकी कशाविषयी आहे: मूळ प्राणिज वस्तूविषयी, की तिच्यातील शुद्ध घटकाविषयी?

२. तोच घटक अन्य मार्गाने, ठरलेल्या मात्रेत आणि शुद्धतेत उपलब्ध आहे काय? असल्यास बातमीत ते सांगितले आहे काय?

३. सांगणारा कोण आहे, आणि त्या सांगण्यात त्याचा आर्थिक लाभ कोणता? मोहीम चालविणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा.

४. स्थळ, काळ आणि साक्षीदार यांची नोंद आहे काय? छायाचित्र त्याच देशातील, त्याच काळातील आहे काय?

५. संशोधन माणसांवर झाले की परीक्षानळीत? किती जणांवर?

याखेरीज ‘शेतीमुळे जंगलातील अस्वले वाचतात’ असा एक दावा वारंवार वाचायला मिळतो. पिंजऱ्यातले पित्त स्वस्त मिळाले की शिकारी थांबेल, असा त्यामागचा तर्क. व्हिएतनामच्या पिंजऱ्यांतील पुष्कळशी अस्वले मुळात जंगलातूनच पकडून आणलेली होती. शिवाय ‘रानातील अस्वलाचे पित्त अधिक अस्सल’ ही ग्राहकांची समजूत शेतीने मोडत नाही. उलट पित्ताची सवय आणि प्रतिष्ठा टिकली, की रानातील पित्तालाही भाव राहतो.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे हल्ली व्हिएतनाम, चीन, कोरिया या देशांत सहलीस जातात. तेथे एखाद्या दुकानात पित्ताची कुपी, पूड किंवा पित्तमिश्रित मद्य ‘यकृतासाठी उत्तम’ म्हणून पुढे केले गेले, तर ते घेऊ नये. आशियाई काळ्या अस्वलाच्या अवयवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे आणि अशी वस्तू भारतात आणणे हा गुन्हा ठरतो. त्या कुपीत खरोखर काय आहे, याची शाश्वती तर नसतेच.

आणि घरात कोणाला कावीळ, सतत खाज, उजव्या बरगडीखाली दुखणे अशी लक्षणे असतील, तर ऐकीव औषधांच्या मागे न लागता रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. यकृताचे अनेक विकार वेळीच कळले तर आटोक्यात राहतात. अस्वलाच्या पित्ताच्या भरवशावर गेलेले महिने मात्र रुग्णाला परत मिळत नाहीत. हे नुकसान पिंजऱ्यातील अस्वलाच्या यातनांइतकेच खरे आहे, पण त्याची बातमी कधी होत नाही.